पाण्याच्या वरच्या मजल्यावरचे मासे : निवड आणि निगा

माझ्या दवाखान्यात रुग्णांच्या बसण्याच्या खोलीत गेली पंचवीस वर्षे एक मत्स्यालय आहे. तापाने किरकिरणारे, इंजेक्शनच्या धास्तीने आईच्या कुशीत शिरलेले मूल त्या पेटीपुढे आले की काचेला नाक टेकवून उभे राहते आणि निदान काही मिनिटे तरी रडायचे विसरते. तपासणी आटोपून, औषधांच्या वेळा समजून घेऊन निघताना पालकही पुष्कळदा विचारतात, “डॉक्टर, घरी असे मासे ठेवायचे झाले तर कोणते घ्यावेत?” या प्रश्नाला आजवर तोंडी देत आलेले उत्तर स्मरणिकेच्या संपादकांच्या आग्रहाने येथे लिहून काढीत आहे. मी मत्स्यशास्त्राचा अभ्यासक नव्हे. हौशी माणूस आहे. त्यामुळे विषयाचा सगळा विस्तार न मांडता त्यातला एकच भाग घेतो : पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहणारे मासे. हाच भाग निवडण्यामागे एक कारण आहे आणि ते एका चुकीशी निगडित आहे. ती चूक माझीच असून तिची हकिकत पुढे ओघात येईल.

तीन मजल्यांचे घर

गोड्या पाण्याचे मत्स्यालय हे तीन मजली घर आहे असे समजावे. तळाशी लोच, कोरिडोरस यांसारखे वाळू उकरणारे मासे राहतात. मधल्या मजल्यावर टेट्रा, बार्ब, एंजल यांची वस्ती असते. पृष्ठभागाखालच्या दोन-तीन इंचांच्या पट्ट्यात पृष्ठचर मासे वावरतात. दुकानात गेल्यावर आपली नजर रंगाकडे जाते, आणि रंगीत मासे बहुतेक मधल्या मजल्याचे असतात. परिणाम असा होतो, की पेटी विकत आणल्यावर महिन्याभरात मधल्या मजल्यावर गर्दी आणि वरचा मजला रिकामा अशी स्थिती येते. मग जागेवरून भांडणे होतात, शेपट्या कुरतडल्या जातात, आणि आपण म्हणतो, “मासे जगत नाहीत हो आमच्याकडे.”

वरच्या थरासाठी वेगळे मासे निवडले तर त्याच पेटीतली जागा अधिक समतोलपणे वापरली जाते. पाण्यावर तरंगून राहिलेले खाद्य फुकट जाऊन कुजत नाही. आणखी एक लाभ खास मुलांसाठी आहे. पेटी साधारण तीन फूट उंचीच्या घडवंचीवर असते. चार-पाच वर्षांचे मूल समोर उभे राहिले की त्याची नजर पाण्याच्या पृष्ठभागाच्या खाली येते. तेथून वर पाहिल्यास पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो आणि वरच्या थरातला प्रत्येक मासा दोनदा दिसतो, एकदा सुलटा आणि एकदा उलटा. आपण मोठी माणसे वरून पाहतो, त्यामुळे हे दृश्य आपल्याला सहसा दिसत नाही. मला ते दाखवले ते एका पाच वर्षांच्या मुलीने.

देहावरून ओळख

पृष्ठचर मासा ओळखणे अवघड नाही. त्याचे सगळे आयुष्य डोक्यावरच्या छताकडे लक्ष ठेवण्यात जाते आणि देह त्याप्रमाणे घडलेला असतो. तोंड वरच्या बाजूस उघडते; खालचा जबडा किंचित पुढे आलेला असतो. पाठ डोक्यापासून शेपटीकडे जवळजवळ सपाट असते, त्यामुळे पृष्ठभागाला चिकटून पोहता येते. पाठीवरचा पर पुष्कळ मागे, शेपटीजवळ असतो. डोळे मोठे आणि वरच्या अंगाला असतात. याउलट तळाच्या माशाचे पोट सपाट आणि तोंड खाली वळलेले, तर मधल्या थरातल्या माशाचे तोंड सरळ समोर. दुकानदाराने काहीही सांगितले तरी तोंडाची दिशा पाहावी.

वरच्या थरातले मुख्य अन्न म्हणजे पाण्यात पडलेले किडे आणि पृष्ठभागाला टांगून राहणाऱ्या डासांच्या अळ्या. क्युलेक्स आणि एडिसच्या अळ्या श्वासनळी पृष्ठभागाला लावून तिरप्या लोंबतात, अ‍ॅनॉफिलिसच्या अळ्या पृष्ठभागाला समांतर पडून राहतात, हे आपण सर्वांनी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला पाठ केलेले आहे. अळीलाही श्वासासाठी पृष्ठभागच गाठावा लागतो, आणि मासा नेमका तेथे टपून असतो.

वैद्यकाशी जुने नाते

वैद्यकीय व्यावसायिकांच्या स्मरणिकेत माशांचे काय काम, असे कोणी म्हणेल, म्हणून हा थोडा इतिहास. भारतातल्या गोड्या पाण्यातल्या माशांची शास्त्रीय ओळख जगाला करून दिली ती मुख्यतः डॉक्टरांनी. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन (जन्म १७६२, मृत्यू १८२९) यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवरचा आपला ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध केला. आज जगभरच्या मत्स्यालयांत असलेला झेब्रा डानिओ, वरच्या थरात राहणारा निळा पँचॅक्स आणि लहानखुरा लालिअस गुरामी या तिन्हींची पहिली शास्त्रीय नोंद त्या एकाच ग्रंथात आहे. हॅमिल्टन यांनी अनेक ठिकाणी स्थानिक कोळ्यांच्या तोंडची नावेच कायम ठेवली. बंगालीतला ‘कांकिला’ त्यांच्याकडे ‘कॅन्सिला’ झाला. पुढे मद्रासच्या बाजूला सर्जन म्हणून काम केलेले टी. सी. जर्डन यांनी १८४९ साली मलबार डानिओची नोंद केली, आणि मद्रास सैन्यातले सर्जन फ्रान्सिस डे यांचा भारतीय माशांवरचा मोठा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झाला.

हे ऋण माशांनीही फेडले आहे असे म्हणता येईल. हॅमिल्टनच्या झेब्रा डानिओला १९८१ साली ओरेगॉन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्राइसिंगर यांच्या संशोधनामुळे प्रयोगशाळेत मानाचे स्थान मिळाले. त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मानवी जनुकांपैकी सुमारे ७० टक्के जनुकांची जोडी या दीड इंची माशात सापडते असे दिसून आले. जन्मजात हृदयविकारांच्या अभ्यासातही आज त्याचा मोठा उपयोग होतो.

कोणते मासे निवडावेत

पट्टेरी पँचॅक्स : हा आपल्या सह्याद्रीचा मासा. खानापूर, आंबोली, चोर्ला या परिसरातल्या ओढ्यांच्या संथ काठाशी वाकून पाहिले, तर पाण्यावर एक चकचकीत रुपेरी ठिपका सरकताना दिसतो. तो या माशाच्या डोक्यावरचा ठिपका. मलयाळम भाषेत याला आकाशाकडे डोळे लावणारा अशा अर्थाचे नाव आहे. लांबी १० सेंटिमीटरपर्यंत, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी, मादीच्या अंगावर गडद उभे पट्टे. प्रकृतीने काटक. एक नर आणि दोन-तीन माद्या ठेवाव्यात. दोष एकच : तोंडात मावेल तो मासा तो खातो. निऑन टेट्रा किंवा गप्पीची पिल्ले याच्याबरोबर ठेवू नयेत. निळा पँचॅक्स याचाच थोडा लहान भाऊबंद.

झेब्रा डानिओ : प्रथमच मत्स्यालय ठेवणाऱ्यास मी हाच सुचवतो. लांबी जेमतेम ४ सेंटिमीटर, वावर वरच्या आणि मधल्या थरात. हा कळपाचा मासा आहे; सहा ते आठ एकत्र असावेत. एकटा-दुकटा ठेवल्यास तो इतरांच्या मागे लागतो. १८ अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी तो सोसतो, त्यामुळे बेळगावच्या हिवाळ्यातही घरात ठेवलेल्या पेटीत सहसा हीटरवाचून भागते. मलबार डानिओ आणि जायंट डानिओ हे त्याचे मोठे नातेवाईक. १० सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि सतत धावतात, म्हणून त्यांना निदान तीन-चार फूट लांबीची पेटी हवी.

गप्पी : सर्वांच्या परिचयाचा. अंडी न घालता थेट पिल्ले देतो, हे मुलांना फार आवडते. एका नरामागे दोन माद्या ठेवाव्यात, नाही तर मादीला विसावा मिळत नाही. संख्या झपाट्याने वाढते; पिल्लांचे काय करायचे याचा विचार आधी करावा.

हॅचेट : दक्षिण अमेरिकेतला. छातीचा भाग कोयत्याच्या पात्यासारखा पुढे आलेला, कारण तेथे पुढच्या परांचे भक्कम स्नायू असतात. त्यांच्या जोरावर तो पाण्याबाहेर लांब झेप घेतो. पेटीत निदान सहा असावेत. पाणी स्वच्छ, किंचित आम्लधर्मी आणि २४ ते २८ अंश तापमानाचे लागते. दिसायला अत्यंत देखणा, पण नवशिक्याने पहिल्या वर्षी घेऊ नये. पेटी स्थिर झाल्यावर घ्यावा.

गुरामी आणि फायटर : हे दोघे खरे तर केवळ वरच्या थरातले नव्हेत, पण त्यांची पृष्ठभागाशी गाठ पक्की आहे. त्यांच्या कल्ल्यांच्या वर चक्रव्यूहासारखी घडी असलेले एक श्वसनेंद्रिय असते. दर काही मिनिटांनी वर येऊन ते हवेचा घोट घेतात आणि त्यातला ऑक्सिजन त्या इंद्रियातून रक्तात शोषला जातो. लालिअस गुरामी आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. फायटर थायलंडकडचा, त्याचा नर एकटाच ठेवावा लागतो. फायटर हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून दुकानदार त्याला चहाच्या पेल्याएवढ्या बाटलीत ठेवतात आणि आपणही त्याला शोभेच्या काचेच्या वाटीत ठेवतो. हा मोठा गैरसमज आहे. ऑक्सिजन हवेतून मिळाला तरी स्वतःच्याच मलमूत्रातल्या अमोनियापासून त्याची सुटका होत नाही. त्यालाही निदान १५-२० लिटर पाणी आणि ऊब हवी.

आफ्रिकन बटरफ्लाय : पश्चिम आफ्रिकेतला हा मासा वाळक्या पानासारखा पृष्ठभागाखाली निश्चल तरंगतो आणि पाण्यावर पडलेल्या किड्याचे बारीक तरंग ओळखून झडप घालतो. १० सेंटिमीटरच्या वर वाढतो. वरच्या थरातल्या इतर लहान माशांचा तो शत्रू, म्हणून पृष्ठभाग त्याच्या एकट्याच्याच स्वाधीन करावा लागतो.

कोणते टाळावेत

अरोवाना हाही वरच्या थरातलाच मासा. घरात भरभराट होते या समजुतीने त्याची पिल्ले हौसेने विकत घेतली जातात. बोटाएवढे ते पिल्लू काही वर्षांत दोन-तीन फुटांचे होते, झाकण उडवून बाहेर पडते आणि घरातल्या पेटीत त्याला धड वळताही येत नाही. त्याच्या वाट्याला जे येते त्यात भरभराट कसली? आशियाई अरोवाना तर संकटग्रस्त प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि २०२२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली आहे. कांकिला हा चोचीसारख्या जबड्याचा मासा नदीत शोभतो, पण तो फूटभर वाढतो आणि बहुधा जिवंत मासेच खातो. पाण्याची पिचकारी मारून किडा पाडणारा तिरंदाज मासा प्रामुख्याने खाडीच्या मचूळ पाण्यातला. हे सर्व पुस्तकात किंवा मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयात पाहावेत.

पेटीची रचना

पृष्ठचर माशांसाठी उंच पेटीपेक्षा पसरट पेटी चांगली. पाण्यात ऑक्सिजन शिरतो तो मुख्यतः पृष्ठभागातून. खोली वाढवल्याने पाणी वाढते, पृष्ठभाग वाढत नाही. पाणी काठापासून दोन इंच खाली ठेवावे आणि वर झाकण असावेच. वरच्या थरातले बहुतेक मासे उडी मारतात, आणि सकाळी फरशीवर सुकलेला मासा मुलाच्या नजरेस पडणे हा वाईट अनुभव असतो. तारा आणि नळ्या आत जातात त्या फटीही जाळीने बुजवाव्यात. गुरामी आणि फायटरसाठी झाकणाचा आणखी एक उपयोग आहे : पाण्यावरची हवा उबदार आणि दमट राहते.

पृष्ठभागाचा एक-तृतीयांश भाग तरंगत्या वनस्पतींनी झाकलेला असावा. त्यांच्या मुळ्यांत माशांना आडोसा मिळतो. त्याहून अधिक झाकू नये. हवा आणि प्रकाश अडतो. फिल्टरच्या पाण्याने पृष्ठभाग हलता राहावा, मात्र एका कोपऱ्यात पाणी संथ असावे. खाद्य तरंगणारे असावे आणि ते बोटांनी चुरून टाकावे. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तर निरोगी, वाढ झालेल्या माशाला काही होत नाही. आमच्याकडे ती जबाबदारी एकादशीवर न सोडता सोमवारवर सोडली आहे. दर आठवड्याला एक-चतुर्थांश पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन कल्ल्यांना घातक असते, म्हणून ते पाणी चोवीस तास उघड्या बादलीत ठेवून किंवा सोडियम थायोसल्फेट घालून मगच वापरावे.

राहणारे आणि आलेले

आता ती हकिकत सांगतो. २००४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. तेव्हाची पेटी लहान होती, जेमतेम ८० लिटर पाण्याची. तीत ६ रोझी बार्ब, ८ ब्लॅक विडो टेट्रा, ४ एंजल, ४ लोच आणि वरच्या थरात ४ पट्टेरी पँचॅक्स, असे एकूण २६ मासे होते. म्हणजे गर्दीच होती. त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. दमेकरी नातवाला घेऊन खानापूरकडच्या एक आजी संध्याकाळी आल्या होत्या. आत येता येता त्या म्हणाल्या, “डॉक्टर, नातवागत तुमचं मासंबी धापा टाकायलेत बघा की.” मी दारातूनच पेटीकडे पाहिले. मासे वर दिसत होते. मी हसून सांगितले, “आजी, ते वरच राहणारे मासे आहेत. भूक लागली असेल त्यांना.” आणि जाताना चिमूटभर खाद्य टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी २१ मासे मेलेले होते. जगले होते ते चारही पँचॅक्स आणि एक लोच.

आजींनी जे पाहिले होते ते बरोबर होते. वर राहणारे मासे चारच होते. बाकीचे बावीस तेथे राहत नव्हते, तेथे आलेले होते. मी ‘पृष्ठचर’ हा शब्द शिकलो होतो आणि त्या शब्दाने माझी नजर झाकली गेली. त्याच आजींच्या सांगण्यावरून मी त्यांच्या नातवाच्या छातीची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजली होती. आई किंवा आजी ‘मुलाला धाप लागली आहे’ असे म्हणाली तर ते आधी खरे मानायचे आणि मग मोजायचे, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात मिनिटाला ५० आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० हा आकडा गाठला की तो श्वास जलद समजायचा, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. हा नियम खोलीच्या आत पाळला आणि दाराबाहेर विसरलो.

त्या रात्री काय घडले असावे हे समजायला थोडे शरीरक्रियाशास्त्र पुरेसे आहे. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. पाण्यात, पूर्ण संपृक्त अवस्थेतही, २५ अंश तापमानाला तो लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम असतो आणि ३० अंशांना साडेसात. म्हणजे मासा आपल्या तुलनेत तीस-पस्तीस पट विरळ वातावरणात श्वास घेत असतो. पाणी तापले की ऑक्सिजन घटतो, आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढते. वीज गेल्याने पाणी निश्चल झाले. निश्चल पाण्यात ऑक्सिजनचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद असतो. वरच्या पातळ थरात तो मिळत राहतो, खाली पोहोचत नाही. रात्री पाणवनस्पतीही ऑक्सिजन सोडण्याऐवजी घेऊ लागतात. त्यात मी टाकलेले, कोणीही न खाल्लेले अन्न कुजू लागले आणि उरलासुरला ऑक्सिजन जंतूंनी वापरला.

पँचॅक्स का जगले? त्यांचे वर वळलेले तोंड आणि सपाट पाठ यांमुळे पृष्ठभागालगतचा तो पातळ थर त्यांना आडवे राहून सहज ओढून घेता येतो. लोच हवेचा घोट गिळतो आणि आतड्याच्या अस्तरातून ऑक्सिजन शोषतो. चारांपैकी एकाला ते साधले. बार्ब, टेट्रा आणि एंजल यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हते. जी शरीररचना मी वर केवळ ओळखीची खूण म्हणून सांगितली, तिचे खरे मोल त्या रात्री कळले.

म्हणून पेटीत वरच्या थरातले मासे ठेवणाऱ्याने फरक पक्का ध्यानात ठेवावा. स्वभावाने वर राहणारा मासा पृष्ठभागाच्या किंचित खाली आडवा असतो, पर पसरलेले असतात, कल्ल्यांची हालचाल शांत असते, खाद्य पडताच तो झेपावतो आणि हात हलवला तर दचकून खाली जातो. धाप लागून वर आलेला मासा डोके वर आणि शेपूट खाली असा तिरपा असतो, त्याचे तोंड पृष्ठभाग फोडून उघडझाप करते, कल्ल्यांची झाकणे भरभर हलतात, खाद्याकडे लक्ष नसते आणि हात हलवला तरी तो जागचा हलत नाही. गुरामी, फायटर आणि लोच यांचे अधूनमधून वर येऊन घोट घेणे नैसर्गिक आहे. मात्र तेथेच ठाण मांडून बसणे नैसर्गिक नाही. कल्ल्यांच्या हालचालींचा आकडा जातीनुसार आणि तापमानानुसार बदलतो. तेव्हा मासे निरोगी असताना एका मिनिटाचा आकडा मोजून वहीत लिहून ठेवावा. आजाराच्या दिवशी तुलनेला तोच उपयोगी पडतो.

निदान आणि उपचार

एक मासा वर आला तर दुखणे त्या माशाचे. सगळे आले तर दुखणे पाण्याचे. वर्गातले एक मूल ओकले आणि सगळा वर्ग ओकला यांत आपण जो फरक करतो तोच येथे करावा. पहाटे धाप आणि दुपारी बरे वाटणे, हे रात्रीच्या ऑक्सिजन-टंचाईचे लक्षण. पाणी बदलल्यावर लगेच त्रास झाला तर क्लोरीन किंवा तापमानातली तफावत. एकच मासा धापा टाकीत असेल तर कल्ल्यांतले परोपजीवी.

पेटी नवी असेल तर पहिले चार ते सहा आठवडे धोक्याचे असतात. माशांच्या उत्सर्जनातल्या अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जंतू फिल्टरमध्ये रुजायला तेवढा अवधी लागतो. मधल्या काळात नायट्राइट साचते, ते कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि हिमोग्लोबिनचे मेटहिमोग्लोबिन बनवते. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा गुदमरतो. त्याचे कल्ले तपकिरी दिसतात. बालरोगतज्ज्ञाला हे चित्र अनोळखी नाही. विहिरीच्या नायट्रेटयुक्त पाण्यात कालवलेले दूध पाजल्याने निळ्या पडणाऱ्या तान्ह्या बाळांचे वर्णन १९४५ साली अमेरिकेत आयोवामध्ये कॉम्ली यांनी केले, ते हेच. उपचारातही साम्य आहे. बाळाला आपण शिरेतून देतो तेच मिथिलीन ब्लू माशांच्या दुकानातही मिळते, मात्र ते फिल्टरमधल्या उपयुक्त जंतूंना मारक ठरते, म्हणून वेगळ्या भांड्यातच वापरावे. पेटीसाठी साधे मीठ पुरते : लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम आयोडीनविरहित मीठ. मिठातले क्लोराइड कल्ल्यांवर नायट्राइटची वाट अडवते.

कारण कोणतेही असो, पहिले उपाय ठरलेले आहेत. खाद्य बंद करावे. क्लोरीन काढलेले, त्याच तापमानाचे पाणी घेऊन एक-तृतीयांश पाणी बदलावे. वीज नसेल तर मग्याने पाणी उचलून फूटभर उंचीवरून पुन्हा पेटीत ओतीत राहावे. अर्ध्या तासात फरक दिसतो. सेलवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा. तो मी २००४ च्या जूनमध्ये विकत घेतला.

दोन सामाजिक कर्तव्ये

कंटाळा आला म्हणून मासे तलावात, विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नयेत. डासांच्या नियंत्रणासाठी १९२८ साली भारतात आणलेला गॅम्बुशिया आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे. तो स्थानिक माशांची अंडी-पिल्ले खातो. ज्या पाण्यात आपला पँचॅक्स आहे तेथे अळ्या खाणारा पहारेकरी आधीच नेमलेला आहे. मात्र मासे गेल्यावर पाण्यासह गच्चीवर टाकून दिलेली पेटी म्हणजे एडिस डासाला निमंत्रण, हेही विसरू नये. पेटी कोरडी करून उलटी ठेवावी.

दुसरी गोष्ट हातांची. हाताला जखम असताना पेटीत हात घालू नये, नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नये, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जंतू १९२६ साली मत्स्यालयातल्या माशांतूनच ओळखला गेला. बोटावरची महिनोन्‌महिने न भरणारी गाठ घेऊन रुग्ण आला तर, डॉक्टर मित्रहो, “घरी मासे आहेत का?” हा प्रश्न अवश्य विचारावा.

समारोप

ते नातू आणि आजी आठवड्याने पुन्हा आले. पेटीत पाच मासे पाहून मुलाने बाकीचे कोठे गेले असे विचारले. मी त्याला खरे ते सांगितले : त्यांना धाप लागली होती, तुझ्या आजीने मला सांगितले होते आणि मी ऐकले नाही. आजी म्हणाल्या, “असू दे वो, आता ठाऊक झालं न्हवं?”

त्यानंतर आमच्या पेटीचा एक नियम ठरला. बसण्याच्या खोलीतल्या कोणीही, मग ते चार वर्षांचे मूल का असेना, मासे ‘कसेतरी करताहेत’ असे म्हटले की कंपाउंडर उठून पाहतो आणि कल्ल्यांची हालचाल मोजतो. पुष्कळदा ते निरोगी पँचॅक्सच असतात. तरीही तो मोजतो. घरी मत्स्यालय ठेवू इच्छिणाऱ्या वाचकांनी पहिल्या दिवशी सहा झेब्रा डानिओ, एक घट्ट झाकण आणि एक वही एवढे आणावे, आणि मोजण्याचे काम घरातल्या मुलाकडे सोपवावे, अशी माझी विनंती आहे.